मे महिन्याची कमाई

मे महिना जवळ आला की घरोघरी एकच विषय निघतो. परीक्षा संपली, आता पोरांनी करायचं काय? शिबिरं आहेत, क्लास आहेत, मामाचं गाव आहे (निदान ज्यांचे मामा अजून गावाला राहतात त्यांना तरी). पण पोरं दहावी-बारावीची झाली की त्यांचा प्रश्न वेगळा असतो: सुट्टीत चार पैसे कसे मिळतील?

यावर सल्ले द्यायला आपल्या घरात माणसांची कमतरता नाही. कुणी म्हणतं शिकवण्या घे, कुणी म्हणतं दुकानात बस, कुणी म्हणतं आत्ता कमावू नकोस, अभ्यास कर. मी मात्र पडलो भिवंडीचा. सुट्टीतल्या कमाईला आमच्या गावात मोठा इतिहास आहे, आणि तो सगळाच गोड नाही. तो जरा नीट आठवून पाहिला, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. काम कोणतं, पैसे किती, हे प्रश्न आहेतच. पण त्याआधीचा प्रश्न असा, की हे काम जूनमध्ये संपणार आहे का? शाळा उघडली की पोरगं परत वर्गात दिसणार आहे का? ज्या कमाईला जून महिना माहीत आहे ती सुट्टीतली कमाई. जिला माहीत नाही, ती नुसती मजुरी. आमच्या गावात दोन्ही एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदल्या. त्याबद्दल लिहायचं आहे.

मुळात लांबलचक उन्हाळी सुट्टी ही आपल्याकडे तशी नवी गोष्ट. पंतोजींच्या शाळेला अमावास्या-पौर्णिमेची आणि सणावारांची सुट्टी असे. सलग महिना-दीड महिना शाळा बंद ठेवायची पद्धत इंग्रजी अमदानीत, सरकारी शिक्षणखात्याबरोबर रुजली. मुंबई इलाख्यात हे खातं १८५५ साली सुरू झालं. उन्हाचा त्रास होतो म्हणून मे महिना सुट्टीचा ठरला. पण ठाणे जिल्ह्यातल्या शेतकऱ्याचा मे महिना रिकामा कधीच नव्हता. भात दिवाळीच्या आसपास घरात येतं हे खरं, तरी पावसाआधी राब भाजायचा असतो. म्हणजे शेण, पालापाचोळा, फांद्या वाफ्यावर पसरून जाळायच्या, की तण मरतं आणि रोप जोमानं येतं. घर शाकारायचं असतं, सरपण भरून ठेवायचं असतं. या सगळ्याला पोरांचे हात लागतच. त्याला कुणी कमाई म्हणत नसे.

हातात रोख पैसा आणायचा तो रानमेवा. करवंदं, जांभळं, ताडगोळे, कैऱ्या. पळसाच्या पानांचे द्रोण करायचे, त्यात करवंदं भरायची आणि एस.टी. स्टँडवर नाहीतर आग्रा रोडच्या कडेला उभं राहायचं. आजही वज्रेश्वरीच्या नाहीतर पडघ्याच्या बाजूला मे महिन्यात गेलात तर ही पोरं दिसतील. पहाटे रानात जायचं, काट्यांनी हात ओरबाडून घ्यायचे, दुपारच्या उन्हात विकायचं. सोपं काम नाही. पण या धंद्याची एक गंमत आहे. पहिला दमदार पाऊस झाला की करवंद संपतं. पाणी लागलेलं फळ कुणी घेत नाही. म्हणजे शाळा उघडायच्या सुमाराला दुकान आपोआप बंद. इथे पोराला परत वर्गात धाडायचं काम पाऊसच करतो.

याच्या अगदी उलट हंगाम वीटभट्टीचा. भिवंडी तालुक्यात आणि आजूबाजूला भट्ट्या फार. दिवाळीनंतर पावसाळी चिखल वाळला की काम सुरू होतं आणि मेअखेर, पाऊस यायच्या आत संपतं. पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला कातकरी, वारली कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात. बरोबर पोरं असतातच, त्यांना घरी कुणाजवळ ठेवणार? जून ते दिवाळी ही पोरं गावात, म्हणजे शाळेत. दिवाळीनंतर भट्टीवर. आपली मुलं सुट्टीवर जातात तेव्हा या मुलांचा हंगाम संपत आलेला असतो, आणि वार्षिक परीक्षा तर भट्टीवरच निघून गेलेली असते. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेनं ठाणे जिल्ह्यात भट्ट्यांवरच शाळा काढल्या. भट्टीवरच्या झोपडीला भोंगा म्हणतात, म्हणून त्या भोंगा शाळा. पोरगं शाळेत येऊ शकत नसेल तर शाळेनं पोराकडे जावं, इतका साधा विचार. सरकारच्या वेळापत्रकातली सुट्टी सगळ्यांची नसते, हे मला पहिल्यांदा या शाळांबद्दल ऐकून कळलं.

आता लूमकडे वळतो. भिवंडीबद्दल लिहायचं आणि लूमबद्दल नाही, हे कसं चालेल!

१८५७ च्या उठावानंतर उत्तरेतून, आजच्या उत्तर प्रदेशातून, विणकर मुसलमान कुटुंबं दक्षिणेकडे सरकली. त्यातली बरीच भिवंडीत, मालेगावात स्थिरावली. पुढे तेलुगू पद्मशाली विणकर आले, त्यांची मोठी वस्ती म्हणजे पद्मानगर. सुरुवातीला सगळे हातमागावर. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वीज आली, आणि मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले जुने माग हळूहळू भिवंडीत येऊन खटखटायला लागले. गावात वाढलेल्या माणसाला तो खटखटाट ऐकू येत नाही. वीज गेली आणि तो थांबला, तरच एकदम जाणवतो.

ज्यांनी लूम पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कापडात उभे धागे असतात तो ताणा, आडवा धागा म्हणजे बाणा. ताणा बीमवर गुंडाळलेला असतो, एकदा चढवला की बरेच दिवस चालतो. बाण्याचा धागा मात्र एका छोट्याशा कांडीवर भरलेला असतो. ती कांडी धोट्यात बसते आणि धोटा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत राहतो. कांडी काही मिनिटांत रिकामी होते. ती संपली की लूम थांबवून दुसरी बसवायची. म्हणजे एका माणसाकडे चार-सहा लूम असतील तर त्याच्या हाताशी भरलेल्या कांड्यांची टोपली सतत तयार पाहिजे. मजुरी कापडाच्या मीटरवर, त्यामुळे लूम थांबला की मजुरी थांबली.

ही टोपली कोण भरणार? हातमागाच्या काळी घरातल्या बायका आणि मुलं. पुढे कांड्या भरायचं यंत्र आलं, तरी त्याच्यासमोर बसणारे हात पुष्कळदा तेच राहिले. काम हलकं, बसून करायचं, शिकायला अर्धा दिवस पुरे. शाळेतून आलं, दोन घास खाल्ले, की बसलं कांडीवर. सुट्टीत तर दिवसभर.

आणि मे महिन्यात दुसरी एक गोष्ट घडते. लूमवरचे कारागीर बहुतेक उत्तर प्रदेश-बिहारचे. मे म्हणजे तिकडे लग्नसराई, आंब्याचे दिवस. कारागीर ‘मुलूखला’ जातात. आमच्या गावात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, मराठी माणसाच्यासुद्धा. कारखान्यात निम्मे लूम रिकामे पडतात. नेमकी त्याच वेळी शाळांना सुट्टी. मालकाला हात हवे असतात, पोरांना पैसे हवे असतात. दोन गरजा इतक्या बेमालूम एकमेकींत बसतात की त्यात काही वावगं आहे असं कुणाला वाटतच नाही. कांड्या भरणारा पोरगा त्या महिन्यात दोन लूम सांभाळायला उभा राहतो. पोरगं हाताखाली आलं म्हणून बापाला कौतुक वाटतं. पण कारागीर परत कधी येणार, हे कुणालाच नक्की माहीत नसतं.

कायदा काय करत होता, असं तुम्ही विचाराल. कायदा होता, जुनाच होता. १८८१ च्या फॅक्टरी ॲक्टनं सात वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात घ्यायला बंदी केली. सात! आणि सात ते बाराच्या मुलांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली, ही तेव्हाची सुधारणा. १८९१ मध्ये किमान वय नऊ झालं, १९२२ मध्ये बारा, १९४८ मध्ये चौदा. वय वाढत गेलं हे खरंच. पण कारखाना कशाला म्हणायचं, याची व्याख्या बरोबर होती. १८८१ चा कायदा शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होता. ही संख्या पुढे पन्नास, वीस अशी उतरत १९४८ मध्ये, यंत्र विजेवर चालत असेल तर, दहावर आली. मुंबईच्या गिरणीला हा कायदा बरोबर पकडत होता. भिवंडीत मात्र एका छपराखालचे लूम कागदावर चार वेगळ्या नावांनी असू शकत, आणि मग त्यातल्या एकाहीकडे दहा माणसं भरत नसत. घरातल्या चार लूमचा तर प्रश्नच नव्हता.

१९८६ मध्ये बालमजुरीविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. धोक्याच्या कामांची यादी केली गेली, त्यात विणकाम होतं. पण कुटुंबाच्या मदतीनं चालणारी कामाची जागा त्यातून वगळलेली होती. २०१६ मध्ये कायदा बदलला. चौदा वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात नोकरीला ठेवायला पूर्ण बंदी आली, आणि चौदा ते अठरा वयाच्या मुलांना धोक्याच्या कामावर. मात्र एक सवलत राहिली. धोक्याचं काम नसेल तर शाळेच्या वेळेनंतर ‘किंवा सुट्टीत’ मुलानं घरच्या धंद्यात मदत केली तर चालेल. म्हणजे मे महिन्याची सुट्टी कायद्याच्या कलमात येऊन बसली. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर बहुधा शेतात आईवडिलांना हातभार लावणारा मुलगा असेल. त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण घर आणि कारखाना यांच्यामध्ये एका पडद्याचं अंतर असलेल्या गावात ‘मदत’ कुठे संपते आणि ‘मजुरी’ कुठे सुरू होते, हे तपासायला सरकारी माणूस मे महिन्यात येऊन उपयोग नाही. त्यानं जुलैमध्ये यायला हवं, आणि कारखान्याआधी शाळेत जाऊन हजेरी पाहायला हवी.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. १९८९ मध्ये मी दहावीची परीक्षा दिली. निकालापर्यंत अडीच-तीन महिने हातात होते. त्या सुट्टीत सुताच्या एका व्यापाऱ्याकडे मी वह्या लिहायला राहिलो. त्यांचे मेहताजी वयस्क होते, डोळ्यांनी कमी दिसायचं. सुताचे किती बॉक्स कुणाला गेले, किती तागे परत आले, हे मी अक्षर चांगलं म्हणून लिहायचो. तागा मोजायला शिकलो, सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक हे शिकलो, आणि हुंडेकरी म्हणजे काय हेही तिथेच कळलं. शेवटच्या पंधरवड्याचे पैसे त्या गृहस्थांनी ‘दिवाळीला बघू’ म्हणून ठेवून घेतले. ती दिवाळी अजून यायची आहे :-) तेव्हापासून ओळखीतल्या प्रत्येक पोराला सांगतो, सुट्टीतल्या कामाचे पैसे आठवड्याच्या आठवड्याला घ्यावेत. शाळा उघडली की आपली बाजू लंगडी पडते.

त्याच्या आदल्या वर्षीच्या सुट्टीत माझा बाकावरचा मित्र लूमवर उभा राहिला होता. आम्ही तेव्हा नववीतून दहावीत गेलो होतो. त्यांच्या घरामागच्या खोलीत चार लूम होते, मालकीचे नव्हते, भाड्यानं घेतलेले. व्यापारी सूत द्यायचा, हे विणून द्यायचे. कारागीर मुलूखला गेला. मित्राला लूम चालवता येत होताच. गणितात तो माझ्याहून हुशार, कांडीवर बसल्या बसल्या पाढे म्हणायचा. जूनमध्ये शाळा उघडली, तो आला नाही. कारागीर यायचा होता. जुलैत समजलं की कारागीर येणार नाही, त्याला तिकडेच काम मिळालं. ऑगस्टमध्ये सरांनी हजेरीत त्याचं नाव घ्यायचं बंद केलं. भांडण नाही, रडारड नाही, कुणी कुणाला शाळेतून काढलं नाही. पुढे कधीतरी भेटला तेव्हा हसत म्हणाला, "सुट्टी संपली, हे मला कोणी सांगितलंच नाही रे." आज त्याचे स्वतःचे लूम आहेत आणि त्याच्या दोन्ही मुली पदवीधर आहेत. त्यामुळे त्याची गोष्ट दुःखाची आहे असं म्हणता येत नाही. पण वह्या लिहिणारा परत वर्गात आला आणि कांड्या भरणारा आला नाही, यात हुशारीचा काही संबंध नव्हता. मेहताजींचं काम मी नसलो तरी अडणार नव्हतं. त्याच्या घरचं अडणार होतं.

मुलींची कमाई यात कुठे, असं ताई विचारेल, म्हणून आधीच लिहितो. मुलींना सुट्टी होती की नाही, याचीच मला शंका आहे. उन्हाळी कामं म्हणजे पापड, कुरडया, सांडगे. ते घरचं. त्याशिवाय साड्यांना फॉल लावणं, हातशिलाई, मोतीकाम, राख्या बांधणं, टिकल्या कागदावर चिकटवणं. हे सगळं घरात बसून, नगावर पैसे. ताईनं एका सुट्टीत फॉल लावून जे मिळवलं त्यातून आम्हा दोघांच्या वह्या आल्या. मी वह्या लिहून जे मिळवलं त्यातून मी घड्याळ घेतलं. घरात कौतुक घड्याळाचं झालं! घरात बसून केलेल्या कामाची मोजदाद होत नाही, आणि अशा कामाला जूनही नसतो. ते शाळेच्या दिवसांत, भाकऱ्या झाल्यावर रात्री चालूच राहतं.

मग सुट्टीत कमवूच नये का? तसं मला अजिबात म्हणायचं नाही. कमाई आणि शिक्षण यांचं वैर असतंच असं नाही, हे महाराष्ट्रात एका माणसानं करून दाखवलं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये काले इथे रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये साताऱ्याला सगळ्या जातींच्या मुलांचं वसतिगृह उभं केलं. मुलं तिथे स्वतः राबत, शेतात कष्ट करत आणि त्यावर शिकत. १९४७ मध्ये साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं तेव्हा ‘कमवा आणि शिका’ ही योजना तिथे आली, आणि नंतर महाराष्ट्रातल्या कितीतरी महाविद्यालयांनी आणि विद्यापीठांनी ती उचलली. भाऊरावांची युक्ती नीट पाहिली तर कळते. त्यांनी मुलांना कामापासून लांब ठेवलं नाही, कामच शाळेच्या कुंपणात आणलं. त्यामुळे काम करण्यासाठी शाळा सोडायची वेळच येत नव्हती, उलट शाळा सोडली की काम सुटत होतं. लूमवरच्या पोराच्या बाबतीत हीच गोष्ट उलटी होती.

आणखी एक सुट्टी असते, कुणी न मागितलेली. भिवंडीला ती फार वेळा मिळाली. १९७० आणि १९८४, दोन्ही वर्षांच्या दंगली मे महिन्यातल्या, म्हणजे शाळांच्या सुट्टीतल्या. संचारबंदीत लूम बंद, मजुरी बंद, कारागीर पळालेले, काही घरांची तर राखच झालेली. त्या दोन दंगलींच्या मध्ये, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरणगावातल्या कित्येक मुलांनी तेव्हा भाजीच्या पाट्या, हातगाड्या, दुकानातली नोकरी धरली आणि शाळा सुटली. तिकडे गिरण्या थंड, आणि इकडे भिवंडीत लूम रात्रंदिवस चालू, कारण गिरण्यांचं काम आमच्याकडे वळलं होतं. लालबागच्या पोराची शाळा बापाचं काम गेलं म्हणून सुटली, भिवंडीच्या पोराची काम वाढलं म्हणून. इतिहासाच्या पुस्तकात संप येतो, ही पोरं येत नाहीत.

त्यानंतरची सगळ्यात लांब सुट्टी आपण सगळ्यांनीच पाहिली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. मे २०२० च्या सुरुवातीला भिवंडीहून गोरखपूरला कामगारांची खास रेल्वेगाडी सुटली, लूमवरची माणसं हाताला लागेल ते सामान घेऊन मुलूखला गेली. महाराष्ट्रातल्या शाळा पुन्हा नीट भरायला ऑक्टोबर २०२१ उजाडला, तेही सगळे वर्ग नाही. दीड वर्षाची सुट्टी! ज्यांच्या घरी मोबाइल एकच आणि तोही बापाबरोबर बाहेर, ती पोरं भाजी विकायला बसली, मास्क विकायला उभी राहिली, डिलिव्हरी करणाऱ्या भावाच्या मागे बसून फिरली. यातली सगळी परत आली का, याचं उत्तर प्रत्येक शाळेच्या हजेरीपटात आहे. मे महिन्याला निदान जून असतो. त्या सुट्टीला जूनच नव्हता.

आता भिवंडीत नवा हंगाम आला आहे, आणि तो दिवाळीचा. अंजूर फाट्याहून ठाण्याकडे निघालात तर राहनाळ, पूर्णा, वळ, दापोडे, माणकोली, काल्हेर, सगळीकडे गोदामंच गोदामं. मुंबईत माल नेला की जकात भरावी लागे, म्हणून माल हद्दीबाहेर साठवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे या गोदामांच्या वाढीमागचं एक मोठं कारण. जकात २०१७ मध्ये गेली, गोदामं मात्र राहिली, कारण तोवर आग्रा रोडची सोय सगळ्यांनी ओळखली होती. २०१३ मध्ये ॲमेझॉननं भारतातलं आपलं पहिलं गोदाम भिवंडीतच उघडलं. नवरात्र ते दिवाळी ऑनलाइन खरेदीची धूम असते. तेव्हा माल शोधणं, स्कॅन करणं, खोकी बांधणं यासाठी तात्पुरती माणसं घेतात. कॉलेजच्या दिवाळी सुट्टीशी हा काळ चांगला जुळतो. आमच्या नात्यातली दोन मुलं हे करून आली. दिवसभर उभं राहून पायांचे गोळे दुखतात, पण बँकेत पैसे येतात आणि ओळखपत्रावर शेवटची तारीख छापलेली असते.

त्या तारखेचं मला फार कौतुक वाटलं. कंपनीनं ती स्वतःच्या सोयीसाठी घातलेली असणार, हे कळतं मला. काम संपलं की माणूस नको, इतकाच त्याचा अर्थ. पण तीच तारीख विद्यार्थ्याला कामाला येते. फक्त तिथे एक मोह असतो. हात चांगला चालला तर ‘थांबतोस का?’ असं विचारतात. सेकंड इयरच्या मुलाला महिन्याचा पगार समोर दिसत असतो आणि पदवी अजून दीड वर्ष लांब. दोघांपैकी एक थांबला. घरात त्यावरून चर्चा झाली, अजून होते आहे. घराला गरज असती तर मी काही बोललो नसतो. पण गरज नसताना थांबणं म्हणजे एका दिवाळीच्या हंगामासाठी दीड वर्ष मोडणं, हे मी त्याला समोर बसवून सांगितलं आहे. बाहेरून परीक्षा द्यायचा फॉर्म त्यानं भरला, इथवर गाडी आली आहे.

म्हणून यंदा ज्यांची मुलं सुट्टीत काम शोधताहेत त्यांच्यासाठी माझं म्हणणं एवढंच. अठरा पूर्ण झालेली असतील तर गोदाम वाईट नाही, पण कंत्राटदाराचं नाव आणि पैसे कधी मिळणार हे आधी कागदावर घ्या. त्याहून लहान असतील तर खालच्या वर्गातल्या मुलांच्या शिकवण्या, दुकानात हिशेबाला मदत, जून जवळ आला की जुनी पाठ्यपुस्तकं जमवून विकणं, दिवाळीत आकाशकंदील आणि उटणं. कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ असेल तर आधी तिथे नाव घाला. आणि घरातल्या मुलीनं चार पैसे मिळवले तर ते तिच्या नावावर ठेवा, वह्यांच्या खर्चात विरघळवू नका.

आणि एक काम मोठ्यांसाठी. लूमवाल्यांच्या, भट्टीवाल्यांच्या, हातगाडीवाल्यांच्या मुलांची सुट्टी संपली हे सांगणारं पुष्कळदा कुणी नसतं. तुमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा, कोपऱ्यावरच्या चहाच्या गाडीवर सुट्टीपुरता आलेला पोरगा, असे एक-दोन तरी प्रत्येकाच्या ओळखीत असतात. पंधरा जूनच्या सुमाराला त्यांना फक्त विचारायचं: काय रे, शाळा उघडली ना? पुस्तकं झाली का? आमच्या वर्गात १९८८ च्या जूनमध्ये हे विचारायला शेजारच्या गल्लीत जाण्याइतकाच वेळ लागला असता. सरांनी ऑगस्टपर्यंत हजेरी घेतली, हेच त्यातल्या त्यात.